दहाच्या चहाआधी

मणक्याला मार बसलेल्या माणसाला भेटायला येणारे पहिला प्रश्न पायांचा विचारतात. काही जाणवतं का, अंगठा हलतो का, उभं कधी राहता येईल. माझ्याकडेही असेच लोक आले, सटाण्याहून, सिडकोतून, बायकोच्या माहेरून. कुणी तेल आणलं, कुणी अंगारा. लघवीचं काय करतोस, हे विचारलं फक्त एकाने. तो वॉर्ड पुसणारा मामा होता, आणि पिशवी भरली की ओतायची वेळ त्याच्यावर यायची, म्हणून त्याने विचारलं.

अमेरिकेत २००४ साली किम अँडरसन या संशोधक बाईंनी मणका दुखावलेल्या माणसांनाच विचारून पाहिलं की तुमचं काय परत मिळालं तर आयुष्य सगळ्यात जास्त बदलेल. चालणं पहिल्या नंबरावर आलं नाही. कमरेखाली लुळ्या पडलेल्यांनी लैंगिक जीवन सगळ्यात वर मांडलं, आणि लघवी-शौचाचा ताबाही वरच्याच रांगेत. माझ्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. तोवर मला वाटायचं, पायांपेक्षा पँटच्या ओल्या डागाचं दुःख करणारा मी एकटाच.

पडलो ते मे महिन्यात. पावसाळ्याआधी कारखान्यांच्या शेडचे पत्रे बदलून घ्यायची नाशिकच्या सातपूर-अंबडला दरवर्षी घाई असते. जुना सिमेंटचा पत्रा खालून-वरून सारखाच दिसतो, पण उन्हापावसाने आतून कुजलेला असतो. माझ्या पायाखालचा फुटला आणि मी यंत्रांच्या मधल्या रिकाम्या जागेत पाठीवर पडलो. वॉर्डात सगळे मला ‘डी-नाइन’ म्हणायचे. छातीच्या पाठीमागच्या मणक्यांतला नववा. बेंबीच्या जरा वरपासून खाली काहीच नाही. यापलीकडे त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. लोक ते फार रस घेऊन ऐकतात, म्हणून मी ते लवकर संपवतो.

मूत्राशयाचं कामकाज मला नंतर कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. मज्जारज्जू पाठीच्या कण्यात शेवटपर्यंत जात नाही, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या अगदी खालच्या टोकाला, रज्जूच्या त्रिक-खंडांपैकी दुसऱ्या ते चौथ्यात, लघवीचं केंद्र असतं. माझा मार त्याच्या वर बसला. म्हणजे केंद्र शाबूत, पण मेंदूशी त्याचा संबंध तुटलेला. आधीचे काही आठवडे सगळंच गप्प असतं, डॉक्टर त्याला स्पायनल शॉक म्हणतात. तेव्हा आत फोलीची नळी आणि पलंगाला लटकलेली पिशवी. मग हळूहळू ते केंद्र जागं होतं आणि आपल्या मनाने काम करू लागतं. मूत्राशय अर्धं भरलं न भरलं की त्याचा स्नायू आकसतो. तुम्हाला विचारत नाही, आणि तुम्हाला कळतही नाही. मांडी थडथडते, कधी मानेवर शहारा येतो, आणि खाली पाहावं तर चादर ओली.

याहून वाईट भाग पुढे आहे. निरोगी माणसाचा स्नायू आकसतो तेव्हा खालची झडप आपोआप सैल पडते. आमच्यात हा ताळमेळ सुटतो. वरून ढकललं जातं आणि खाली आवळलेलं असतं. त्यामुळे थोडी लघवी गळते, बरीच आत राहते, आणि मधल्या मध्ये दाब वाढत जातो.

मला हे समजायला डॉक्टरांची चित्रं उपयोगी पडली नाहीत, आमचा कॉम्प्रेसर पडला. पुन्हा कामाला लागलो तो एका छोट्या गाळ्यात. लेथवर बुश, पिना, हायड्रॉलिकची फिटिंग बनतात. मी इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसतो. मायक्रोमीटर, प्लग गेज, बोअर गेज, आणि शेजारी तीन ट्रे: पास, रिवर्क, भंगार. टेबलाच्या मागेच कॉम्प्रेसर आहे. टाकीत हवा ठरलेल्या दाबापेक्षा वर गेली की वरची सेफ्टी व्हॉल्व्ह फसफसते. एक नवा पोरगा त्या आवाजाला वैतागून म्हणाला, “ही चिंधीने बांधून टाकू का?” सुपरवायझर त्याच्या अंगावर असे ओरडले की अख्खा गाळा थांबला. मला त्या क्षणी माझ्या डॉक्टरांचं बोलणं उलगडलं. मी त्यांच्याकडे एकच मागणं घेऊन गेलो होतो: गळती बंद करा, मला कामावर जायचंय. ते म्हणाले होते, “कोरडं ठेवणं माझं दुसरं काम. पहिलं काम तुमच्या किडन्या. गळती बंद केली आणि आतला दाब तसाच राहिला, तर तुम्ही कोरडे राहाल आणि डायलिसिसला जाल.”

मग त्यांनी युरोडायनॅमिक नावाची तपासणी करून घेतली. बारीक नळीने मूत्राशयात पाणी सोडतात, आणि किती पाण्याला किती दाब ते कागदावर रेघेने उमटतं. लाज वगैरे मी तोवर वॉर्डातच ठेवून आलो होतो, त्यामुळे मी आडवा पडून त्या रेघेकडे बघत राहिलो. मापं वाचण्याचं काम तेव्हा मला अजून लागलं नव्हतं. रेघ सपाट जाते, सपाट जाते, आणि एकदम उसळते. ४० सेंटीमीटर पाण्याच्या दाबाची एक खूण डॉक्टरांनी पेन्सिलीने केली. गळतीच्या वेळी दाब त्याच्या वर असेल तर वरच्या नळ्यांना आणि किडन्यांना धोका, हे १९८१ पासून माहीत असलेलं गणित. माझी रेघ त्या खुणेच्या वर गेली होती.

त्यावर उपाय दोन, आणि दोन्ही बरोबरच करायचे. एक, गोळी. दुसरा, दर चार ते सहा तासांनी स्वतःच्या हाताने नळी घालून मूत्राशय रिकामं करणं. गोळी त्या स्नायूकडे जाणारा आकसण्याचा निरोप अडवते. म्हणजे मूत्राशय शांत राहून भरत जातं, दाब न वाढवता जास्त साठवतं. पण साठवलेलं बाहेर काढणं गोळीच्या हातात नाही. नुसती गोळी घेऊन नळीचा कंटाळा करणारा माणूस आपल्याच आत तळं साठवतो. मेडिकलवाल्याला ही दुसरी अर्धी गोष्ट माहीत नसते. त्याच्याकडे स्ट्रिप असते, तो ती देतो.

माझी पहिली गोळी ऑक्सिब्युटिनिन. जुनी, स्वस्त, अमेरिकेत १९७५ पासून वापरात. डॉक्टरांनी एक वही ठेवायला लावली. किती वाजता, किती मिली निघालं, मधे गळलं का, किती प्यायलो. मोजमाप लिहिणं हा पुढे माझ्या रोजीरोटीचाच भाग झाला, पण तेव्हाही मला त्यात काही जड गेलं नाही. गोळीआधी मी दीडशे-दोनशे मिलीलाच गळायचो. गोळी लागू पडल्यावर साडेतीनशे-चारशे कोरडेपणाने धरता येऊ लागले. पाचशेच्या वर जाऊ द्यायचं नाही, ही वरची मर्यादा. दोनशे मिलीचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. माझ्यासाठी त्याचा अर्थ असा होता की सकाळी सहाला घरी नळी घातली की दहापर्यंत मी टेबलावरून न हलता काम करू शकतो. दहाला चहाची सुट्टी होते. त्याच्या दहा मिनिटं आधी मी उठतो, म्हणजे खुर्ची वळवतो, आणि बाकीचे संडासाच्या रांगेत यायच्या आत माझं आटोपलेलं असतं. पुढची वेळ दोनची. शिफ्ट सुटल्यावर घरी सहा. झोपताना दहा. मालकांनी मला कामावर ठेवलं ते माझ्या जिद्दीवर खूश होऊन, असं ते पाहुण्यांना सांगतात. मी काही बोलत नाही. पण जिद्द माझ्याकडे गोळीआधीही होती आणि तेव्हा मी घरीच बसलो होतो.

गोळी तोंडातलं पाणीही सुकवते. जीभ टाळूला चिकटते, बोलताना शब्द अडकतात, ज्वारीची भाकरी ताकाशिवाय उतरत नाही. यात एक चकवा आहे. तोंड कोरडं पडलं की माणूस पाणी पीत राहतो, आणि प्यायलेलं पाणी चार तासांच्या आतच मूत्राशयात येऊन हिशेब बिघडवतं. मी बडीशेप आणि लवंग चघळतो, घोट घोट पितो. उलट्या बाजूने सल्ला देणारे फार. “पाणीच पिऊ नको, मग गळेल कुठून?” हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं, नातेवाइकांनी सांगितलं, कंपनीतल्या काकांनीही मायेने सांगितलं. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला चावते, जंतू वाढतात, खडे धरतात, आणि गळती उलट वाढते. तरी हा सल्ला आमच्या भागात सगळ्यात जास्त पाळला जातो, कारण त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरा त्रास पोटाचा. मणक्याने आतडीही मंदावलेली असतातच, त्यात गोळी भर घालते. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि गळती सुरू होते. म्हणजे गळतीसाठी घेतलेल्या गोळीनेच गळती. इसबगोल, ठरल्या दिवशी सपोझिटरी, सकाळची ठरलेली वेळ, हे सांभाळलं नाही तर गोळीचा डोस वाढवून काही हाती लागत नाही. डॉक्टरकडे जाऊन ‘गोळी कमी पडते’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं पोट साफ नसतं, असं मला एका अनुभवी सिस्टरने सांगितलं होतं. त्या बोलताना कुणाची भीड ठेवायच्या नाहीत.

उन्हाळ्यात आणखी एक. घाम कमी येतो. माझ्या शरीराच्या खालच्या भागाला मार बसल्यापासून घाम नाहीच, वरच्या भागाचाही गोळीने आटवला, आणि डोक्यावर पत्रा. एप्रिलच्या दुपारी अंग तापतं आणि बाहेर पडायला वाट सापडत नाही. ओला पंचा मानेवर टाकून बसतो. पोरं चिडवतात, “नवरदेव, हळद लागली का?” लागू देत.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. नाही चाललं ते डोळ्यांचं. मायक्रोमीटरच्या बाहीवरच्या रेघा सकाळी स्पष्ट, आणि दुपारच्या गोळीनंतर तासाभराने एकमेकींत मिसळायला लागल्या. शंभरावा भाग मिलीमीटर वाचायचा असतो, तिथे रेघ दुहेरी दिसून कसं चालेल? त्या दिवशी मी शंका आलेला प्रत्येक जॉब डिजिटलवर परत मोजला आणि संध्याकाळी थेट डॉक्टरांकडे गेलो. जवळचं पाहताना डोळ्यातला जो बारीक स्नायू आकसतो, त्यालाही हीच गोळी अडवते, हे तेव्हा कळलं. वयस्क माणसांत ती विसराळूपणा आणि गोंधळही आणू शकते. डॉक्टरांनी सोलिफेनॅसिनवर नेलं, दिवसातून एकदाच घ्यायची. पुढे तिचा डोस कमी ठेवून जोडीला मिराबेग्रॉन दिलं. ती नवी जात, अमेरिकेत २०१२ साली आलेली. ती आकसण्याचा निरोप अडवत नाही, स्नायूला सैल व्हायचा दुसरा निरोप देते, म्हणून तोंड फारसं सुकत नाही. पण रक्तदाब वाढवू शकते, म्हणून तो तपासत राहावा लागतो. आणि महाग आहे. महिन्याच्या शेवटी पगार आणि स्ट्रिप यांची गाठ पडत नाही तेव्हा मेडिकलवाला सुट्ट्या गोळ्या कापून देतो. रेघा मात्र परत सुट्या दिसू लागल्या.

डॉक्टरांना आपण काय काम करतो ते सांगावं लागतं. ते विचारतीलच असं नाही. ट्रक चालवणाऱ्याला पेंग चालत नाही, मला धूसर चालत नाही, दिवसभर फोनवर बोलणाऱ्याला कोरडं तोंड चालत नाही. एकच आजार, पण गोळी निवडताना ज्याचं त्याचं काम मधे येतं.

आता हातांचं. मशीनवरून आलेल्या प्रत्येक जॉबवर कूलंट असतं, तपासलेल्याला गंज धरू नये म्हणून मीच तेल लावतो. बोटांच्या रेषांत काळं बसलेलं. वर्कशॉपमध्ये पोरं भुसा आणि कपड्याची पावडर चोळून हात धुतात, तेवढ्याने डबा खाता येतो, नळी घालता येत नाही. मी माझा साबण वेगळा ठेवतो, नखं कापलेली ठेवतो, आणि धुतल्यावर नळाची तोटी कोपराने बंद करतो. सुरुवातीला मला वाटायचं, याला निर्जंतुक हातमोजे, स्पिरिट, पांढरा टेबल लागणार, आणि गाळ्यात ते कुठून आणू? फिजिओने समजूत काढली, निर्जंतुक नको, स्वच्छ पुरे.

हे ‘स्वच्छ पुरे’ कुणाच्या तरी डोक्यातून निघालेलं आहे. मिशिगनचे जॅक लापिडेस. जंतू आत गेले म्हणून संसर्ग होतो असं नाही, फुगून ताणलेलं मूत्राशय जंतूंना तोंड देऊ शकत नाही म्हणून होतो, तेव्हा ते वेळच्या वेळी रिकामं करणं महत्त्वाचं, हे त्यांनी मांडलं. त्याआधी इंग्लंडमध्ये लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात मणक्याच्या जखमी सैनिकांना जगवायला सुरुवात केली होती. पहिल्या महायुद्धात असे बहुतेक जण लघवीचा संसर्ग आणि पडून राहून झालेल्या जखमांनीच गेले होते. गुटमान यांची पद्धत कडक निर्जंतुक, रुग्णालयात चालणारी. लापिडेस यांनी नळी रुग्णाच्या खिशात दिली. त्यांचा निबंध १९७२ सालचा. त्याच साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. १९६५ च्या युद्धात त्यांच्या पाठीच्या कण्यात गोळी अडकली होती. पद्मश्री २०१८ मध्ये. गाळ्यात पोरांनी मोबाइलवर त्यांच्यावरचा सिनेमा पाहिला आणि माझ्याकडे नव्या आदराने बघू लागले. मी पोहत नाही, हे त्यांना सांगून ठेवलं.

मी १२ किंवा १४ नंबरची नेलॅटन नळी वापरतो. परदेशात बऱ्याच ठिकाणी एकदा वापरून टाकून देतात. इथे आम्ही साबणाने धुतो, आतून पाणी सोडतो, वाळवतो, झाकणाच्या डब्यात ठेवतो, खरखरीत झाली की बदलतो. जेली लावताना घाई करायची नाही. रक्ताचा थेंब दिसला तर त्या दिवशी जरा हळू. लघवीला वास आला, गढूळ दिसली की लगेच मेडिकलमधून अँटिबायोटिक आणणारे आमच्यात पुष्कळ आहेत. नळी वापरणाऱ्याच्या लघवीत जंतू सापडणारच. ताप नाही, थंडी नाही, थडथड वाढलेली नाही, तर नुसत्या रिपोर्टवर औषध घेऊ नये, हे डॉक्टरांनी बजावलंय. उलट गोळी वेळेवर, पोट साफ, पाणी नीट, आणि तरी अचानक गळायला लागलं, तर मग तपासायला जातो.

आमच्यासारखे काही जण अधूनमधून भेटतात, कुणाच्या घरी, कुणाच्या दुकानावर. तिथे सिन्नरकडचा एक जण यायचा, विहिरीच्या कठड्यावरून पडलेला. त्याचा मार माझ्याहून खाली, कमरेत. त्यालाही गळायचं. कामगार वस्तीत गोळ्यांची उधारी-उसनवारी चालते, डोकेदुखीची असो नाहीतर रक्तदाबाची, तशी त्याने कुणाकडून तरी आमच्या प्रकारची गोळी घेतली. पोट तट्ट फुगलं आणि गळती दुप्पट झाली. त्याचं मूत्राशय मुळात आकसतच नव्हतं. लघवीचं केंद्र आणि तिथून निघणारे धागेच दुखावलेले. भरून वरून सांडणं हीच त्याची गळती. त्याला गोळीची गरजच नव्हती, फक्त नळीची होती. कुणी पोट दाबून लघवी काढायला शिकवलं होतं, तेही डॉक्टरांनी बंद करायला लावलं, कारण दाब उलटा वर जातो. बाहेरून दोघांच्या पँट सारख्याच ओल्या, आणि औषध अगदी उलट. छातीच्या पाठीमागच्या सहाव्या किंवा त्याच्या वरच्या मणक्याला मार असलेल्यांचं आणखी निराळं. मूत्राशय तुंबलं की त्यांचं डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, रक्तदाब एकदम चढतो. तेव्हा गोळी शोधत बसायचं नसतं, आधी मूत्राशय रिकामं करायचं.

निफाडकडची एक ताई यायची, ट्रॉलीतून पडलेली. तिचं ऐकून मला माझी तक्रार लहान वाटली. पुरुषाला खुर्चीत बसल्या बसल्या जमतं, रात्री कंडोम कॅथेटर लावून पिशवीला जोडता येतं. बाईला आरसा लागतो, पाय बाजूला घ्यावे लागतात, पलंग लागतो, आणि दार लागतं जे आतून बंद होतं. तिच्या घरात तसं दार नव्हतं. शेवटी ती कायमची नळी घेऊनच राहिली, महिन्याला बदलून. डॉक्टरांना ते पटलं नाही. तिला दुसरा मार्ग दिसला नाही. गोळी ती नियमाने घ्यायची, कारण आत नळी असली तरी स्नायू आकसतो आणि नळीच्या कडेने गळतं.

पैशांचं थोडं सांगतो, कारण आमच्यातल्या निम्म्या गोष्टी तिथेच अडतात. माझं नाव कामगार विम्यात होतं, म्हणून ऑपरेशन आणि पुढची पेन्शन झाली. माझ्याबरोबर त्याच ठेक्यावर असलेल्या दोघांची नावं नव्हती, हे मला पडल्यानंतर कळलं. कामावरच्या अपघाताने कायमचा अपंग होऊन नोकरी सुटलेल्या विमाधारकाला वर्षाला १२० रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. १२० रुपये म्हणजे सातपूरला हल्ली दोघांचा साधा नाश्ता. तरी ही सवलत माहीत नसल्याने खासगी मेडिकलमध्ये पैसे ओतणारे मी पाहिलेत. आणि परत नोकरी लागली, तर अपंग कामगारासाठी विम्याची पगारमर्यादा २१,००० नसून २५,००० आहे, हेही मालकांच्या हिशेबनिसाला मलाच सांगावं लागलं.

आमचा रस्ता एरवी वेळेवर पोचवतो. साइड व्हील लावलेली स्कूटर आहे, सातपूर गावाकडून निघतो, त्र्यंबक रस्ता ओलांडतो. श्रावणातला तिसरा सोमवार आला की मात्र हिशेब बदलतो. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेल्यांनी रविवारपासूनच रस्ता भरतो, एसटी, जीप, पायी जाणारे, फराळाचे स्टॉल. त्या दिवशी मी निघायच्या वेळी एकदा जास्त रिकामा होऊन निघतो आणि सकाळचा चहा गाळ्यावर पोचल्यावर घेतो. गोळीने दिलेला वेळ गर्दीत अडकलेल्या स्कूटरवर घालवायचा नसतो.

रात्रपाळी मी घेत नाही. दिवसभर लोंबकळलेल्या पायांत पाणी साठतं, आडवं झालं की ते रक्तात परततं आणि रात्री लघवी दुप्पट होते. हे मालकांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना ती सबब वाटली. मग मी वही दाखवली, दिवसाचे मिली आणि रात्रीचे मिली. आकड्यांपुढे ते गप्प झाले. माणूस आकड्यांचा आहे. आता जेवणाच्या सुट्टीत मी पाय स्टुलावर वर घेऊन बसतो, त्याने रात्रीचा भार जरा कमी होतो.

मागच्या तपासणीत डॉक्टरांनी इंजेक्शनचा विषय काढला. बोट्युलिनम, सुरकुत्यांसाठी वापरतात तेच, दुर्बिणीतून मूत्राशयाच्या स्नायूत जागोजागी टोचायचं. आमच्या आजारासाठी अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. काही महिने स्नायू शांत राहतो, मग परत टोचावं लागतं. नळी त्यानंतरही चुकत नाही, ती मी घालतोच आहे. खर्च ऐकून मी म्हटलं, दाबाची रेघ खुणेच्या खाली आहे तोवर गोळीवर चालवू. ते लगेच हो म्हणाले. रेघ वर गेली तर मात्र पैशाचं बघू नका, असंही म्हणाले. सहा महिन्यांनी सोनोग्राफी, वर्षाने रेघ, असं ठरलंय.

सध्या गाळा मोठ्या प्लॉटवर हलायच्या बेतात आहे. मालकांनी नव्या शेडचं ड्रॉइंग इन्स्पेक्शनच्या टेबलावर पसरलं आणि म्हणाले, तुझं टेबल कुठे टाकायचं ते सांग. मी आधी संडास शोधला. दार ७०० मिलीमीटर दाखवलं होतं, उंबरठा होता, आणि दार आत उघडत होतं. आत उघडणारं दार खुर्ची आत गेल्यावर लागतच नाही. मी लाल पेनने ९०० केलं, उंबरठा खोडला, दाराची कमान बाहेर वळवली, आणि सवयीने बाजूला टॉलरन्स लिहिला, प्लस कितीही, मायनस शून्य. कंत्राटदार हसला. मालकांनी पेन घेऊन विचारलं, “आणि वॉश बेसिन किती उंचीवर?” मी खुर्चीच्या हातावर टेप धरून मोजायला लागलो.